बिंदूंतून जाणारा वक्र डीएक्सएफमध्ये जसाच्या तसा कसा उतरवायचा

तुमच्या प्रोग्रॅममध्ये एक सुंदर वक्र आहे. काही बिंदू दिलेत आणि तो त्या प्रत्येक बिंदूतून अचूक जातो. आता लेझर कटिंगवाला किंवा सीएनसी राउटरवाला म्हणतो, ‘डीएक्सएफ (ऑटोकॅडचं आकृत्या देण्या-घेण्याचं फाइल-रूप) पाठवा.’ इथे बहुतेक जण दोनपैकी एक सोपी वाट धरतात. एक, वक्राचे हजारभर बारीक सरळ तुकडे करून पॉलिलाइन पाठवायची. दोन, मूळ बिंदू स्प्लाइनच्या, म्हणजे तुकड्या-तुकड्यांनी बनलेल्या गुळगुळीत वक्राच्या, फिट पॉइंटच्या रकान्यात टाकून मोकळं व्हायचं.

पहिल्या वाटेने फाइल फुगते. समोरच्याला नंतर त्यात काही बदल करता येत नाही, आणि काही मशीन प्रत्येक सांध्यावर वेग कमी करत कडेवर बारीक दाते पाडतात. दुसरी वाट जास्त फसवी आहे. फिट पॉइंट म्हणजे ‘या बिंदूंतून जाणारा कुठलातरी वक्र काढ’ एवढाच निरोप. कुठला, ते समोरचं सॉफ्टवेअर ठरवतं. खुद्द ऑटोकॅडमध्ये स्प्लाइन काढताना नॉटचे (वक्राचे तुकडे ज्या ‘वेळां’ना जुळतात त्या आकड्यांचे) तीन पर्याय मिळतात: जीवेच्या (दोन बिंदूंतल्या सरळ अंतराच्या) लांबीप्रमाणे, तिच्या वर्गमुळाप्रमाणे, किंवा समान अंतराने. तेच बिंदू, तीन पर्याय, तीन वेगळे वक्र. शिवाय काही कॅम सॉफ्टवेअर, म्हणजे मशीनला कापायचा मार्ग देणारी, फिट पॉइंट वाचतच नाहीत. कंट्रोल पॉइंट (वक्राला आकार देणारे, पण त्याच्यावर असतीलच असं नाही असे बिंदू) नसले की त्यांच्या लेखी फाइल रिकामी.

तिसरी वाट अशी: तुमचा वक्र तीन घातांच्या (क्युबिक) तुकड्यांचा बनलेला असेल, तर तो बी-स्प्लाइन म्हणून तंतोतंत लिहिता येतो. ‘जवळपास’ नव्हे, तंतोतंत. यात कुठलंही फिटिंग नाही, टॉलरन्स (चालेल एवढी चूक) नाही, पुन्हा पुन्हा करून बघणं नाही. लागतं ते थोडं बेरीज-वजाबाकीचं गणित. डीएक्सएफची स्प्लाइन ही आतून बी-स्प्लाइनच असते: कंट्रोल पॉइंट, नॉटची यादी आणि घात. तिच्या भाषेत वक्र सांगितला की वाचणाऱ्याने स्वतःच्या मनाने काही ठरवायची वेळच येत नाही.

पायरी १: आपला वक्र नेमका कोणता, ते ओळखा

‘स्मूथ कर्व्ह’ हे उत्तर पुरत नाही. लायब्ररीने न विचारता काय गृहीत धरलंय ते बघा. थ्रीजेएस या जावास्क्रिप्ट लायब्ररीतला कॅटमल-रोम वक्र काही न सांगता घेतला तर तो सेंट्रिपेटल प्रकारचा असतो, म्हणजे तुकड्यांच्या वेळा अंतराच्या वर्गमुळावरून घेणारा. डीथ्रीमधला कॅटमल-रोम अल्फा ०.५ धरतो, म्हणजे तोही सेंट्रिपेटलच. पीफाइव्हमधली नेहमीची कर्व्ह मात्र समान अंतराची असते. पायथनच्या सायपायमधलं क्युबिकस्प्लाइन टोकांना ‘नॉट-अ-नॉट’ अट लावतं, म्हणजे टोकाकडचे दोन तुकडे एकाच सूत्राचे धरतं. पुस्तकातली नॅचरल स्प्लाइन (टोकांना वक्रता शून्य) हवी असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं.

एडविन कॅटमल आणि राफाएल रोम यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या या वक्रात प्रत्येक बिंदूवरची दिशा फक्त शेजारच्या बिंदूंवरून ठरते. त्यामुळे एक बिंदू हलवला तर आसपासचे चार तुकडेच हलतात. नॅचरल स्प्लाइनमध्ये एक बिंदू हलवला की थोडाफार का होईना, सगळाच वक्र हलतो. बदल्यात वक्रता कुठेही तुटत नाही. पुढच्या कामासाठी हाच फरक महत्त्वाचा. कॅटमल-रोम आणि त्याच जातीचे एकिमा, पीचिप या वक्रांत सांध्यावर वेग (वक्रावरून सरकण्याची दिशा आणि दर) सलग असतो, वक्रता सलग असेलच असं नाही. नॅचरल आणि नॉट-अ-नॉट स्प्लाइनमध्ये दोन्ही सलग असतात. नॉट किती वेळा लिहायचे ते यावरूनच ठरतं.

वक्र तीन घातांचा नसेल, म्हणजे क्लोथॉइड (लांबीबरोबर वक्रता वाढत जाणारा वक्र) किंवा साइन-कोसाइनमधून आलेला असेल, तर ही रीत लागू नाही. तिथे फिटिंगच करावं लागतं.

पायरी २: बिंदू साफ करा

लागोपाठचे दोन बिंदू एकाच जागी असतील तर एक काढून टाका. दोन बिंदूंतलं अंतर शून्य आलं की पुढे त्याने भागाकार होतो आणि फाइलमध्ये संख्येऐवजी ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’ अशी खूण) उमटतं. माउसने काढलेल्या रेषांमध्ये असे जुळे बिंदू हमखास सापडतात.

जिथे खरा कोपरा आहे तिथे वक्र तोडा. कोपऱ्यातून स्प्लाइन नेली तर ती आजूबाजूला फुगते. कोपरा तर जातोच, पण शेजारची सरळ कडही बिघडते. दोन वेगळ्या स्प्लाइन लिहा, टोकं एकमेकांना चिकटलेली ठेवा.

पडद्यावर वाय वरून खाली मोजतात, कॅडमध्ये खालून वर. चिन्ह इथेच उलटा. शेवटी उलटायचं ठरवलं की कंट्रोल पॉइंट उलटतात, पण स्पर्शिका उलटायच्या राहून जातात.

पायरी ३: प्रत्येक तुकड्याचे बेझिए बिंदू काढा

दोन बिंदूंमधला वक्राचा एक तुकडा घ्या. त्याचे चार बेझिए बिंदू (फक्त त्या तुकड्याला आकार देणारे कंट्रोल पॉइंट) लागतात: ब०, ब१, ब२, ब३. ब० आणि ब३ म्हणजे तुकड्याची दोन टोकं, ती आपल्याकडे आहेतच. मधले दोन काढायचे.

समान अंतराच्या कॅटमल-रोमसाठी, प० प१ प२ प३ हे लागोपाठचे बिंदू आणि तुकडा प१ ते प२ असेल तर:

ब१ = प१ + (प२ − प०) ÷ ६
ब२ = प२ − (प३ − प१) ÷ ६

संपलं. वक्राच्या पहिल्या आणि शेवटच्या तुकड्याला बाहेरचा बिंदू नसतो, तिथे तुमच्या लायब्ररीने काय केलंय ते बघून तसंच करा. बरेच जण पहिल्या तुकड्यात प० च्या जागी २प१ − प२ असा काल्पनिक बिंदू धरतात. काही टोकाचाच बिंदू दोनदा वापरतात. बंद वक्र असेल तर यादीच्या दुसऱ्या टोकाचा बिंदू घ्या.

सेंट्रिपेटलसाठी आधी प्रत्येक तुकड्याची ‘वेळ’ काढा: दोन बिंदूंतल्या अंतराचं वर्गमूळ. जीवेच्या लांबीचा प्रकार असेल तर अंतर तसंच. मागच्या, चालू आणि पुढच्या तुकड्यांच्या वेळा अ, ब, क म्हणू (नुसता ब म्हणजे वेळ, ब१ आणि ब२ हे बिंदूच). मग:

प१ वरचा वेग = (प१ − प०) ÷ अ − (प२ − प०) ÷ (अ + ब) + (प२ − प१) ÷ ब
प२ वरचा वेग = (प२ − प१) ÷ ब − (प३ − प१) ÷ (ब + क) + (प३ − प२) ÷ क

आणि ब१ = प१ + प१ वरचा वेग × ब ÷ ३, ब२ = प२ − प२ वरचा वेग × ब ÷ ३. तीनने भागणं सर्वत्र येतं: कुठल्याही तीन घाती तुकड्याचा सुरुवातीचा वेग म्हणजे पहिल्या दोन बेझिए बिंदूंतल्या अंतराची तिप्पट, भागिले वेळ.

तुमच्याकडे सहगुणकच असतील (इथे क, ख, ग, घ) तर काम आणखी सोपं. तुकडा क + ख·स + ग·स² + घ·स³ असा आणि स शून्यापासून ह पर्यंत जात असेल, तर:

ब० = क
ब१ = क + खह ÷ ३
ब२ = क + २खह ÷ ३ + गह² ÷ ३
ब३ = क + खह + गह² + घह³

सायपाय हे सहगुणक उलट्या क्रमाने ठेवतं, सगळ्यात मोठ्या घाताचा आधी. ब३ पुढच्या बिंदूशी जुळतो का हे बघितलं की क्रम चुकला असेल तर लगेच कळतं.

पंखाच्या आडव्या छेदाची गोष्ट

सूत्रं बरोबर असूनही वक्र वाईट का येतो, हे एका खऱ्या आकारावर बघू. एरोमॉडेलिंगवाल्यांना नाका ००१२ (एनएसीए या जुन्या अमेरिकी विमानसंशोधन संस्थेचा) हा पंखाचा छेद माहीत असतो: दोन्ही बाजूंनी सारखा, जाडी कॉर्डच्या, म्हणजे पुढच्या टोकापासून (नाकापासून) मागच्या टोकापर्यंतच्या लांबीच्या, १२ टक्के. बाल्सा किंवा लाइट प्लायच्या रिब (पंखाच्या आतल्या छेदाच्या आकाराच्या पट्ट्या) लेझरवर कापायच्या म्हणून २०० मिमी कॉर्डचा छेद घेतला. जुन्या तक्त्यांतल्या अंतरांवर वरच्या बाजूचे पहिले बिंदू मिमीमध्ये असे येतात:

(०, ०), (२.५, ३.७८८), (५, ५.२३०), (१०, ७.११०), (२०, ९.३६६)

दुसऱ्या आणि तिसऱ्या बिंदूमधला तुकडा समान अंतराच्या कॅटमल-रोमने काढा. ब१ येतो (३.३३३, ४.६६०) आणि ब२ येतो (३.७५०, ४.६७६). आता या चार बिंदूंना जोडणाऱ्या रेषांचे चढ बघा: आधी १.०५, मग ०.०४, मग पुन्हा ०.४४. म्हणजे वक्र चढतो, जवळजवळ आडवा होतो आणि परत चढतो. खरा छेद या भागात एकसारखा बाहेर फुगलेला असतो, चढ कमी कमीच होत जातो. इथे मात्र नाकाजवळच एक पोक आला. हवेचा प्रवाह सगळ्यात नाजूक असतो नेमक्या त्या जागी.

सेंट्रिपेटल घेतला तर चढ येतात ०.९४, ०.३४, ०.४७. पोक कमी झाला, गेला नाही. जीवेच्या लांबीप्रमाणे घेतला तर ०.८५, ०.४४, ०.५०, आता तो डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण वक्रतेचा आलेख काढला की दिसतो. सेंट्रिपेटल प्रकारात एका तुकड्याच्या आत गाठ किंवा टोक पडत नाही हे सिद्ध झालेलं आहे, आणि म्हणून तो सरसकट चांगला असं इंटरनेटवर जागोजागी लिहिलेलं असतं. गाठ न पडणं वेगळं आणि पोक न येणं वेगळं.

खरं दुखणं बिंदूंच्या वाटणीत आहे. नाकाची त्रिज्या इथे जेमतेम ३.१७ मिमी, आणि पहिला बिंदू थेट साडेचार मिमी लांब. उपाय म्हणजे बिंदू कोसाइन पद्धतीने घेणं: क्ष = (कॉर्ड ÷ २) × (१ − कोसाइन θ), θ समान अंतराने ० ते १८० अंश. प्रत्येक बाजूला ४० भाग केले तर नाकानंतरच्या पहिल्या बिंदूचा क्ष ०.३१ मिमी येतो आणि कॉर्डच्या मध्यापर्यंत पुढचे हळूहळू विरळ होत जातात. वरची आणि खालची बाजू वेगळी न काढता मागच्या टोकापासून वरून नाकाला वळसा घालून खालून परत मागच्या टोकापर्यंत बिंदूंची एकच माळ करा. मग नाकावरची स्पर्शिका आपोआप उभी येते, वेगळी काही अट लावावी लागत नाही.

याच छेदात आणखी एक खोडी आहे. जाडीच्या नेहमीच्या सूत्राने मागचं टोक बंद होत नाही. कॉर्डच्या ०.१२६ टक्के उंची वर आणि तेवढीच खाली उरते. २०० मिमीवर एकूण फट अर्ध्या मिमीची. स्क्रीनवर ती दिसत नाही, पण कॅड म्हणतं ‘प्रोफाइल बंद नाही’ आणि एक्सट्रूड करायला, म्हणजे आकृतीला जाडी देऊन घन करायला, नकार देतं. एक तर सूत्रातला शेवटचा सहगुणक ०.१०१५ ऐवजी ०.१०३६ घ्या, म्हणजे टोक मिटतं. किंवा स्प्लाइनच्या दोन टोकांना जोडणारी एक छोटी सरळ रेषा त्याच फाइलमध्ये द्या. कापायच्या रिबसाठी मी दुसरा उपाय धरतो. सुईसारखं टोक तसंही लेझरच्या आचेने जळून जातं.

रूपांतर कितीही अचूक केलं तरी ते पोकही तितक्याच अचूकपणे पोचवतं. म्हणून ब१ आणि ब२ हाती आले की तिथेच थांबून एकदा चढ तपासावेत.

पायरी ४: तुकडे जोडून एक बी-स्प्लाइन करा

इथे आकडे छोटे घेऊ, म्हणजे कागदावर पडताळता येईल. तीन बिंदू: (०, ०), (१०, १०), (२०, ०). नॅचरल स्प्लाइन, प्रत्येक तुकड्याची वेळ १. मधल्या बिंदूवर वाय दिशेचा दुसरा विकलज −३० येतो, सुरुवातीचा वेग १५, मधला ०, शेवटचा −१५. त्यावरून दोन बेझिए तुकडे:

पहिला: (०, ०), (३.३३३, ५), (६.६६७, १०), (१०, १०)
दुसरा: (१०, १०), (१३.३३३, १०), (१६.६६७, ५), (२०, ०)

हाच वक्र तीन प्रकारे लिहिता येतो.

सगळ्यात आळशी प्रकार म्हणजे बेझिए बिंदू एकामागे एक लिहायचे, सांध्यावरचा बिंदू एकदाच. न तुकड्यांसाठी ३न + १ कंट्रोल पॉइंट, इथे ७. नॉट: टोकांना चार-चार वेळा, मधले तीन-तीन वेळा, म्हणजे ०,०,०,०,१,१,१,२,२,२,२. हे कुठल्याही वक्राला चालतं. पण तिहेरी नॉट दिसला की वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला वाटू शकतं की इथे कोपरा आहे. काही कॅड अशा जागी पृष्ठभाग तोडतात आणि एक्सट्रूड केल्यावर गुळगुळीत कडेवर उभ्या रेघा येतात.

सांध्यावर वेग सलग असेल तर दुसरा प्रकार: सांध्याचे बिंदू सरळ गाळून टाका. उरतात पहिला बिंदू, प्रत्येक तुकड्याचे ब१ आणि ब२, आणि शेवटचा बिंदू. एकूण २न + २; इथे ६. मधले नॉट दोन-दोन वेळा: ०,०,०,०,१,१,२,२,२,२. कॅटमल-रोम आणि एकिमा यांच्यासाठी हाच योग्य. एक अट पाळा: नॉटमधली अंतरं त्याच वेळांची हवीत, ज्यांवरून वेग काढलेत. सेंट्रिपेटल वक्र असेल तर नॉट ०, १, २ असे लिहिलेत की वक्र बदलला. ते ०, अ, अ + ब, अ + ब + क असे चढत जायला हवेत. स्पर्शिका बरोबर काढायची आणि नॉट मात्र सवयीने पूर्णांकात लिहायचे, ही या कामातली सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. चुकीचा वक्र तितकाच गुळगुळीत दिसतो, म्हणून ती सापडायलाही वेळ लागतो.

वक्रताही सलग असेल तर तिसरा प्रकार, सगळ्यात आटोपशीर. कंट्रोल पॉइंट न + ३, मधले नॉट एकेकदाच. पहिला बिंदू, पहिल्या तुकड्याचा ब१, मग प्रत्येक आतल्या सांध्यासाठी एक बिंदू, शेवटच्या तुकड्याचा ब२ आणि शेवटचा बिंदू. सांध्याचा बिंदू असा काढायचा:

ड = ब१ − (मागच्या तुकड्याची वेळ ÷ चालू तुकड्याची वेळ) × (ब२ − ब१)

यातले ब१, ब२ सांध्यानंतरच्या तुकड्याचे. आपल्या उदाहरणात ब१ (१३.३३३, १०), ब२ (१६.६६७, ५), दोन्ही वेळा १, म्हणून ड = (१०, १५). सगळे मिळून पाच कंट्रोल पॉइंट:

(०, ०), (३.३३३, ५), (१०, १५), (१६.६६७, ५), (२०, ०)

नॉट: ०,०,०,०,१,२,२,२,२. मधला कंट्रोल पॉइंट वक्राच्या ५ मिमी वर हवेत लटकतोय, आणि तो तिथेच असायला हवा. पहिल्यांदा फाइल उघडणारा हमखास विचारतो की बिंदू हलले का.

ड एकदा मागच्या तुकड्यावरूनही काढून बघा. आरशातल्यासारखं सूत्र आहे: मागच्या तुकड्याच्या ब२ पासून ब१ च्या उलट दिशेने, वेळांचं गुणोत्तर उलटं करून. दोन्हीकडून तोच बिंदू आला नाही तर वक्रता सलग नाही; मुकाट्याने दुसऱ्या प्रकारावर या.

पायरी ५: फाइलमध्ये लिहा

डीएक्सएफ १९८२ मध्ये ऑटोकॅडबरोबरच आलं, पण स्प्लाइन त्यात आर१३ (ऑटोकॅड रिलीज १३) पासून आहे. आर१२ च्या फाइलमध्ये, म्हणजे जिच्या मथळ्यात एसी१००९ असतं तिच्यात, स्प्लाइन घालू नका. एसी१०१५, म्हणजे ऑटोकॅड २००० चं रूप, आजही सगळीकडे चालतं. मात्र आर१२ ची फाइल नुसता आकृत्यांचा विभाग लिहून चालून जाते, तशी ही जात नाही. तक्ते, हँडल (प्रत्येक घटकाचा ओळख क्रमांक), मालकीचे दुवे नसतील तर ऑटोकॅड फाइल उघडायलाच नकार देतो. हे सगळं हाताने लिहिण्यात शहाणपण नाही. पायथन वापरत असाल तर ईझेडडीएक्सएफ ही मुक्त लायब्ररी घ्या. तिच्यात स्प्लाइनला कंट्रोल पॉइंट आणि नॉट थेट देता येतात. फक्त फिट पॉइंट दिलेत तर ती फक्त फिट पॉइंटच लिहिते, हे ध्यानात ठेवा. दुसऱ्या भाषेत काम असेल तर कॅडमधून एक रिकामी फाइल एसी१०१५ मध्ये सेव्ह करा आणि तिच्या आकृत्यांच्या विभागात आपली स्प्लाइन घाला.

स्प्लाइनच्या नोंदीत लागणारे कोड, वरच्या तिसऱ्या प्रकारच्या उदाहरणासह:

८: लेअरचं नाव
१००: उपवर्गाच्या दोन खुणा, आधी सर्वसाधारण आकृतीची, मग स्प्लाइनची
२१०, २२०, २३०: प्रतलाचा लंब, ०, ०, १
७०: प्रकाराची बेरीज, बंद १, आवर्ती २, परिमेय ४, सपाट ८. इथे ८
७१: घात, ३
७२: नॉटची संख्या, ९
७३: कंट्रोल पॉइंटची संख्या, ५
७४: फिट पॉइंटची संख्या, ०
४०: प्रत्येक नॉट, नऊ वेळा
१०, २०, ३०: प्रत्येक कंट्रोल पॉइंटचे क्ष, य, झ, पाच वेळा

एकच समीकरण भिंतीवर लावून ठेवण्यासारखं: नॉट = कंट्रोल पॉइंट + घात + १. इथे ९ = ५ + ३ + १. ७२ आणि ७३ चे आकडे खाली प्रत्यक्ष लिहिलेल्या संख्येशी जुळले नाहीत तर काही सॉफ्टवेअर फाइल नाकारतात आणि काही न सांगता शेवटचा तुकडा खातात. दुसरं जास्त महागात पडतं.

बंद वक्रासाठी आवर्ती खूण लावण्याचा मोह टाळा. तिच्यासाठी नॉटची मांडणीही वेगळी लागते आणि सगळे वाचक ती सारखी वाचत नाहीत. टोकांना चार-चार नॉट ठेवून पहिला आणि शेवटचा कंट्रोल पॉइंट अगदी तोच लिहा. दोनदा गणित करून नव्हे, एकाच संख्येची नक्कल करून.

आणि आता मराठी मंडळींसाठी खास खड्डा. ब्राउझरमध्ये संख्या छापताना टूलोकेलस्ट्रिंग वापरलंत आणि भाषा मराठी असली, तर आकडे देवनागरीत येतात आणि लाख-हजारांचे स्वल्पविरामही पडतात. आपल्याला वाचायला छान, पण डीएक्सएफ वाचणाऱ्याला ते आकडेच वाटत नाहीत. प्रोग्रॅमने मशीनचं जर्मन सेटिंग उचललं असेल तर सीची प्रिंटफ दशांशाच्या जागी स्वल्पविराम टाकते, तोही याच जातीचा घोळ. फाइल लिहिताना भाषा तटस्थ ठेवा, दशांशचिन्ह टिंबच, आणि टिंबानंतर किमान नऊ स्थळं. चार स्थळांवर राउंड केलं की अगदी जवळचे दोन नॉट एकच होऊन बसतात.

एकक सांगायला विसरू नका. मथळ्यातल्या इन्सयुनिट्सला ४ म्हणजे मिमी, १ म्हणजे इंच. हे न लिहिलेली फाइल इंचात उघडली तर २०० मिमीची रिब पाच मीटर आठ सेंटिमीटरची होते. ती चूक निदान लगेच दिसते.

पायरी ६: पडताळणी बिंदूंवर नाही, बिंदूंच्या मधे करा

वक्र मूळ बिंदूंतून जातोय हे पाहून समाधान मानू नका. नॉटची अंतरं चुकलेला वक्रही त्या बिंदूंच्या इतक्या जवळून जातो की डोळ्याला फरक कळत नाही, आणि पहिल्या आळशी प्रकारात तर तो अचूक त्यांच्यातूनच जातो. लिहिलेली फाइल परत वाचा, द बोअरच्या रीतीने (बी-स्प्लाइनवरचा बिंदू काढायची ठरलेली रीत) प्रत्येक तुकड्यावर पाव, अर्धा आणि पाऊण वेळेचे बिंदू काढा आणि मूळ प्रोग्रॅममधल्या त्याच वेळेच्या बिंदूंशी ताडून बघा. फरक मिमीच्या दशलक्षांशाच्या आत हवा. शंभरांशात आला तर तो राउंड करण्यामुळे नाही, सूत्रात काहीतरी चुकलंय. मग फाइल लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड या दोन्हींत उघडा. दोन्ही फुकट आहेत, आणि दोघांचे वाचक वेगळे असल्यामुळे एकाला चाललेली चूक दुसऱ्याला खटकते.

समोरच्याला पॉलिलाइनच हवी असेल तर

पुष्कळ लेझर आणि प्लाझ्मा मशीनचं सॉफ्टवेअर जुनं असतं. त्याला आर१२ आणि सरळ रेषाच कळतात. तिथे वाद घालून उपयोग नाही, पण तुकडे अंदाजाने पाडू नका. प्रत्येक बेझिए तुकड्यासाठी ब० − २ब१ + ब२ आणि ब१ − २ब२ + ब३ या दोन्हींची लांबी काढा, मोठी ती म. चालेल एवढी चूक च असेल तर तुकडे = √(०.७५ × म ÷ च), वरच्या पूर्णांकात. आपल्या छोट्या उदाहरणात म = ५ मिमी, च = ०.०५ मिमी धरलं तर ८.६६, म्हणजे ९ तुकडे. हजार कशाला? नाकासारख्या टोकदार जागी तुकडे आपोआप लहान पडतात, तिथे ३.१७ मिमी त्रिज्येला ०.०५ मिमीच्या चुकीसाठी साधारण १.१ मिमीची जीवा पुरते.

मशीन कंस वाचत असेल तर पॉलिलाइनमध्ये बल्ज वापरा: कोड ४२, किंमत म्हणजे कंसाच्या केंद्रकोनाच्या पाव भागाचा टॅन्जंट. अर्धवर्तुळाला बल्ज १. कंसांच्या जोड्यांनी वक्र झाकला तर तेवढ्याच चुकीत तुकडे बरेच कमी लागतात आणि कडही स्वच्छ कापली जाते.

उद्या कोणी स्टेप किंवा आयजेस (कॅडच्या देवाणघेवाणीची इतर फाइल-रूपं) मागितलं तरी पायरी ४ पर्यंतचं काम तेच. आयजेसमध्ये ही आकृती क्रमांक १२६ ची. स्टेपमध्ये नॉट आणि त्यांची आवर्तनं वेगळ्या याद्यांत जातात: आपला ०,०,०,०,१,२,२,२,२ तिथे नॉट ०, १, २ आणि आवर्तनं ४, १, ४ असा लिहायचा, कंट्रोल पॉइंट जसेच्या तसे.